एका बिटकॉइनला तीन भाव, त्यातला आपला कोणता?

कोलशेतकर · सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण तीन दिवस डोक्यातून जात नाहीये.

शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर तीन ॲप शेजारीशेजारी मांडून बसलो. एक माझ्या फोनवर, एक बायकोच्या, एक लेकाच्या टॅबवर. एकाच मिनिटाला बिटकॉइनचा भाव: अ वर ८०,००,०००, ब वर ८०,९०,०००, क वर ७९,६०,०००. (आकडे थोडे गोल केलेत. नावं मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सकाळपर्यंत इथे रेफरल कोडांचा खच पडेल.) तफावत १,३०,००० ची. कोथिंबिरीच्या जुडीचं मी समजू शकतो, कोमेजलेली असते, ताजी असते. हा तर सगळीकडे तोच माल.

पार्श्वभूमी सांगतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ऑफिसात सगळ्यांनी घेतलं म्हणून मीही ब वर ५०,००० चं घेतलं. ०.०१ बिटकॉइन आलं. मग भाव पडला, मी ॲप उडवलं आणि विसरून गेलो. आता लेकाच्या कॉलेजची फी भरायची आहे, तर ते विकायचं आहे. लेकाचं म्हणणं वेगळंच, तो म्हणतो दरमहा २,००० चं थोडंथोडं घेत राहू.

तर घ्यायचं कुठे, विकायचं कुठे, आणि ब मधलं अ वर हलवून विकलं तर काही सुटेल का? क च्या पहिल्याच पानावर 'सर्वाधिक उलाढाल' असं ठळक लिहिलंय, त्याला किती भाव द्यायचा?

नौपाड्याचे_काका · सोमवार, रात्री १०:५०

एफडी करा. झोप लागते.

रात्रपाळी · सोमवार, रात्री ११:३७

वाचतोय. माझाही एक अनुभव आहे, पण तो टाइप करायला वेळ लागेल. शनिवारी लिहितो.

कांदाबटाटा_वाशी · मंगळवार, दुपारी २:१५

गाळ्यावरची गर्दी आत्ता ओसरली, म्हणून उशीर.

कोलशेतकर, तुम्ही तीन भाव बघितलेत असं म्हणता, पण माझ्या मते तुम्ही तीन वेगवेगळ्या गोष्टी बघितल्यात. सकाळी मला कोणी विचारलं 'शेठ, आज कांदा काय?' तर मी सांगतो तो झालेल्या सौद्याचा भाव. तुमची गोणी त्याच भावाला जाईल असं नाही. गिऱ्हाईक काय देतो ते माल उतरल्यावर कळतं.

ॲपवर मोठ्या अक्षरांत असतो तो बहुतेक वेळा शेवटच्या सौद्याचा भाव. जिथे मिनिटाला शंभर सौदे होतात तिथे तो ताजा असतो. जिथे वीस मिनिटांत एखादा होतो तिथे तो शिळा. तुम्ही ऑर्डर बुक उघडा. तिथे दोन रांगा दिसतील, एक घेणाऱ्यांची, एक विकणाऱ्यांची. घेणाऱ्यांतला सगळ्यात वरचा आणि विकणाऱ्यांतला सगळ्यात खालचा, हे दोन आकडे तिन्ही ठिकाणचे लिहून आणा. शिवाय फी किती ते. मग बोलू.

कोलशेतकर · मंगळवार, रात्री ९:२०

शेठ, घ्या. भाव शुक्रवारच्याच आसपास होता, त्यामुळे तेच गोल आकडे धरतो.

अ: घेणारा ७९,९८,०००, विकणारा ८०,०२,०००. फी ०.५ टक्के.
ब: ऑर्डर बुकच नाही! नुसती दोन बटणं. 'खरेदी' वर ८०,९०,०००, 'विक्री' वर ७९,१०,०००. फी शून्य.
क: घेणारा ७९,४०,०००, विकणारा ८०,४५,०००. फी ०.२ टक्के.

म्हणजे क वर जो स्वस्त ७९,६०,००० दिसत होता त्या भावाला द्यायला कोणी उभंच नाही?

कांदाबटाटा_वाशी · मंगळवार, रात्री ११:०५

नाही ना. तो केव्हाचा तरी झालेला सौदा.

आता पट्टी करू. शेतकऱ्याला फळ्यावरच्या भावाशी काही देणंघेणं नसतं, तो पट्टी बघतो. वजन गुणिले भाव, त्यातून हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं वजा, खाली उरला तो आकडा खरा. तसंच इथे. समजा १,००,००० चं घेतलं आणि लगेच त्याच भावात विकलं, तर किती गळतं?

अ: फी ५००, तिच्यावर १८ टक्के जीएसटी ९०, म्हणजे ५९०. जाताना आणि येताना मिळून १,१८०. दोन भावांतल्या फटीचे ५०. एकूण १,२३० च्या आसपास.
ब: फी शून्य. पण खरेदी-विक्रीतली फट १,८०,००० ची. तुमच्या लाखावर २,२२५ गेले.
क: फी आणि जीएसटी दोन्ही वेळचे मिळून ४७२. फटीचे १,३०५. एकूण १,७७७.

'झिरो फी' वाला सगळ्यात महाग निघाला, आणि स्वस्त दिसणारा क मधोमध. ब वाला फुकट काम करत नाही, त्याने अडत भावात मुरवली आहे. आमच्याकडेही असे नग आहेत, 'आमच्याकडे कटती नाही' म्हणतात आणि काटाच हलका लावतात.

ऐरोलीचा_कोडी · बुधवार, सकाळी ८:१०

ट्रेनमधून लिहितोय, घणसोलीपर्यंत पुरेल तेवढं.

शेठच्या पट्टीत एक भर. वरचा हिशेब तुम्ही लगेच, समोरच्याच्या भावाला घेतलं तर. त्याऐवजी लिमिट ऑर्डर लावून बसलात, म्हणजे 'मला ८०,००,००० लाच हवं' असं सांगून ठेवलंत, तर फट वाचते. मी क वरच घेतो, लिमिट लावून, कधी रात्रभर थांबतो. घाई नसणाऱ्याला क वाईट नाही. घाईत असणाऱ्याला वाईट.

उलाढालीबद्दल घरी गेल्यावर लिहितो, तो माझा आवडता विषय आहे.

ऐरोलीचा_कोडी · बुधवार, रात्री १०:३०

हं. तर 'सर्वाधिक उलाढाल'.

हा आकडा एक्स्चेंज, म्हणजे तुमच्या ॲपसारखा नाण्यांचा बाजार, स्वतःच जाहीर करतं. आपणच घेणारा आणि आपणच विकणारा होऊन सौदे फिरवत ठेवले की आकडा फुगतो, याला वॉश ट्रेडिंग म्हणतात. मार्च २०१९ मध्ये बिटवाइज या कंपनीने अमेरिकेच्या सेक या नियामकापुढे एक अभ्यास मांडला होता. कॉइनमार्केटकॅप या एक्स्चेंजची तुलना करणाऱ्या साइटवर दिसणाऱ्या बिटकॉइनच्या उलाढालीपैकी सुमारे ९५ टक्के बनावट किंवा आर्थिक अर्थ नसलेली आहे, खरी उलाढाल दहाच एक्स्चेंजवर आहे, असा त्यांचा निष्कर्ष. ती आकडेवारी आता जुनी झाली, पण तेव्हापासून ही तुलना करणाऱ्या साइटींनी नुसत्या उलाढालीवर क्रम लावणं कमी केलं. कॉइनगेको या दुसऱ्या साइटने त्याच वर्षी ट्रस्ट स्कोअर, म्हणजे विश्वासाचे गुण, आणला. कॉइनमार्केटकॅप तर एप्रिल २०२० मध्ये बायनान्स या एक्स्चेंजनेच विकत घेतली, म्हणजे गुण देणारा परीक्षक एका स्पर्धकाच्या घरचा. तिथला क्रम वाचताना एवढं लक्षात ठेवा.

मग बघायचं काय? खोली. या साइटींवर प्रत्येक एक्स्चेंजसमोर 'दोन टक्के डेप्थ' असा रकाना असतो. भाव दोन टक्के हलवायला किती पैशांचा माल घ्यावा किंवा विकावा लागेल, तो आकडा. खोटे सौदे फिरवणं सोपं, पण ऑर्डर बुकात खरे पैसे लावून उभं राहणं महाग पडतं, म्हणून हा आकडा जास्त बोलतो.

काल रात्री क चं बुक मी पण उघडलं. ८०,४५,००० ला विकणारा होता खरा, पण त्याच्याकडे माल होता ०.००३ बिटकॉइन, म्हणजे २४,००० चा. पुढचा ८०,७०,००० ला, त्याच्यापुढचा थेट ८१,१०,००० ला. पाच लाखांचं एकदम घेणारा माणूस या पायऱ्या चढत जाणार. आणि पहिल्या पानावर काय, 'सर्वाधिक उलाढाल'. कोलशेतकर, तुमच्या लेकाच्या २,००० ला याने काही फरक पडत नाही, तेवढं सगळीकडे मावतं.

जाता जाता एक गंमत. ८ जानेवारी २०१८ ला कॉइनमार्केटकॅपने सरासरी भाव काढताना कोरियातली एक्स्चेंजेस वगळली, कारण तिथे भाव बाहेरपेक्षा बराच चढा असायचा. आधी सांगितलं नाही. जगभर लोकांना स्क्रीनवर भाव एकदम पडलेला दिसला आणि घाबरून काहींनी खरंच विकलं. भाव नाही, भागाकार बदलला होता.

घणसोली_गावठाण · बुधवार, रात्री १०:५५

कोडी, कोरियाचं ठीक. पण आपल्याकडे पण भाव परदेशापेक्षा चढाच असतो, तो का? डॉलरने गुणून बघितलं तरी जुळत नाही.

ऐरोलीचा_कोडी · बुधवार, रात्री ११:१५

कारण कोरियासारखंच. परदेशात स्वस्त मिळतंय म्हणून तिथून आणून इथे विकावं, तर रुपये बाहेर न्यायला दार अरुंद आहे. त्यामुळे यूएसडीटी, म्हणजे डॉलरला बांधलेलं ते नाणं, रुपयात डॉलरपेक्षा महाग पडतं. समजा बँकेत डॉलर ८७ आणि यूएसडीटी ९१, तर साडेचार टक्क्यांच्या वर फरक झाला. तो फरक मग सगळ्या नाण्यांच्या रुपयातल्या भावात उतरतो.

म्हणून भाव ताडायचा तर इथल्या एक्स्चेंजची तुलना इथल्याशीच करा. परदेशी साइटवरचा आकडा बघून 'मला लुटलं' म्हणू नका.

कांदाबटाटा_वाशी · गुरुवार, पहाटे ५:४०

आवक अडली की भाव चढतो. यात नवं काय!

नेरूळची_ताई · गुरुवार, दुपारी १२:३०

भावाचं झालं, आता हलवाहलवीबद्दल मी लिहिते, कारण त्या शाळेची फी मी भरली आहे.

दोन वर्षांपूर्वी एका एक्स्चेंजवरून दुसऱ्यावर एक्सआरपी हे नाणं पाठवलं. पत्ता बरोबर टाकला. पण एक्सआरपीला पत्त्याबरोबर डेस्टिनेशन टॅग नावाचा एक आकडा लागतो, कारण एक्स्चेंज सगळ्या गिऱ्हाइकांचं एक्सआरपी एकाच पत्त्यावर घेतं आणि टॅगवरून कोणाचं ते ओळखतं. सोसायटीच्या पत्त्यावर पार्सल आलं आणि फ्लॅट नंबरच नाही, तसं. माझं पार्सल वॉचमनच्या खोलीत पाच आठवडे पडून होतं. रोज ईमेल, रोज तेच ठरलेलं उत्तर. शेवटी मिळालं, शोधण्याची फी कापून. तोवर भाव खाली.

तेव्हापासूनचे माझे नियम. पहिलं, नेटवर्क. एकच यूएसडीटी ट्रॉनवर टीआरसी-२०, इथेरियमवर ईआरसी-२०, बीएनबी चेनवर बीईपी-२० म्हणून फिरतं. पाठवणाऱ्याने एक निवडलं आणि घेणाऱ्याकडे ते चालतच नसेल, तर पैसे अधांतरी. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी टी ने सुरू होतो, तो तरी वेगळा ओळखू येतो. पण ईआरसी आणि बीईपी दोन्हीचे पत्ते शून्य-एक्स नेच सुरू होतात, दिसायला अगदी जुळे, आणि खरी फसगत तिथे होते. बिटकॉइनचा पत्ता १ ने, ३ ने किंवा बीसी१ ने सुरू होतो.

दुसरं, पत्ता कॉपी-पेस्ट केल्यावर पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं डोळ्यांनी ताडून बघायची. क्लिपबोर्डवरचा पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात. तिसरं, आधी चिमूटभर पाठवायचं, ते पोचलं की बाकीचं. दोनदा फी जाते, जाऊ दे.

आणि वेळ. बिटकॉइनचा ब्लॉक, म्हणजे व्यवहार नोंदवणारं पान, साधारण दहा मिनिटांनी बनतो, आणि बहुतेक एक्स्चेंज दोन-चार ब्लॉक होईपर्यंत जमा दाखवत नाहीत. म्हणजे अर्धा-पाऊण तास धरा, गर्दी असेल तर जास्त. त्यात ॲपवर नवा पत्ता नोंदवला की चोवीस तास थांबा, असा नियम पुष्कळ ठिकाणी आहे. त्या चोवीस तासांत भाव कुठे जाईल, कोण सांगणार.

कोलशेतकर, आधी ब वर 'विथड्रॉ' मध्ये बिटकॉइन दिसतंय का बघा. काही ॲपवर रुपये काढता येतात पण नाणं बाहेर नेताच येत नाही. काचेच्या कपाटातला माल, बघायचा फक्त.

कोलशेतकर · गुरुवार, रात्री ९:४५

ताई, खूप धन्यवाद. बघितलं. ब वर नाणं बाहेर नेता येतं, पण केवायसी नव्याने करायला लावलं, आणि बिटकॉइन काढायची फी ०.०००४ बिटकॉइन लिहिली आहे. आधी वाटलं, किती शून्यं आहेत, काहीच नाही. मग गुणलं. ३,२०० रुपये!

चावी_माझी · गुरुवार, रात्री १०:२०

म्हणूनच जाणकार बिटकॉइन बिटकॉइन म्हणून हलवत नाहीत. ब वरच त्याचं यूएसडीटी करा, ट्रॉनवरून अ वर पाठवा, खर्च फार तर शंभर-दीडशे रुपये, आणि तिथे रुपयात विका. एवढं सोपं आहे.

खरं तर मी म्हणेन अ, ब, क काहीच नको. स्वतःचं हार्डवेअर वॉलेट, म्हणजे नाण्यांची चावी आपल्याकडेच ठेवणारं छोटं यंत्र, घ्या. चावी तुमची तर नाणं तुमचं.

घंटाळीचा_हिशेबनीस · शुक्रवार, सकाळी ११:०५

थांबा थांबा. हे 'एवढं सोपं' कोणी करण्याआधी मला बोलू द्या, माझा हा धंदाच आहे.

बिटकॉइन देऊन यूएसडीटी घेणं ही आयकर कायद्यात विक्रीच आहे. रुपये हातात आले नाहीत म्हणून सुटका नाही. १ एप्रिल २०२२ पासून, १९६१ च्या कायद्यातल्या ११५बीबीएच कलमाखाली, फायद्यावर सरसकट ३० टक्के कर, त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. १ जुलै २०२२ पासून १९४एस खाली विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर. फायद्यावर नाही, रकमेवर. तोटा झाला तरी कापला जातो.

म्हणजे चावी_माझी सांगतात त्या वाटेने टीडीएस दोनदा. ब वर बिटकॉइनचं यूएसडीटी करताना एकदा, अ वर यूएसडीटीचे रुपये करताना पुन्हा. रिटर्न भरल्यावर तो हिशेबात धरला जातो, बुडत नाही, पण तोवर पैसे अडकतात, आणि विवरणपत्रात एकाऐवजी दोन व्यवहार लिहावे लागतात. उलट आपलंच नाणं आपल्याच एका वॉलेटमधून दुसऱ्यात हलवलं तर ती विक्री नाही, त्यावर कर नाही. फक्त हलवल्याचा पुरावा जपा, नाहीतर दुसऱ्या ॲपच्या नोंदीत ते नाणं आभाळातून पडल्यासारखं दिसतं आणि खरेदी किंमत शून्य.

आणखी दोन गोष्टी लोक हमखास चुकतात. फायदा मोजताना फक्त खरेदीची किंमत वजा होते. विकतानाची फी, नाणं हलवायची फी, काही वजा होत नाही. आणि एका नाण्याचा तोटा दुसऱ्या नाण्याच्या फायद्यातून वजा करता येत नाही. बिटकॉइनमध्ये २०,००० मिळाले आणि दुसऱ्या कशात २०,००० बुडाले, तर तुमच्या मते तुम्ही बरोबरीत. खात्याच्या मते ६,२४० कर.

चावी_माझी · शुक्रवार, सकाळी ११:४०

मान्य. मी कधी विकलंच नाहीये, त्यामुळे हे ध्यानात आलं नाही. :)

संपादक · शुक्रवार, दुपारी ३:००

वरचा एक प्रतिसाद उडवला आहे. रेफरल लिंक पुन्हा आली तर सदस्यत्व जाईल.

रात्रपाळी · शनिवार, दुपारी १:२०

आज सुट्टी, म्हणून लिहितो. कोणी पी२पी ची वाट सुचवण्याआधी.

पी२पी म्हणजे एक्स्चेंजच्या बुकात न विकता थेट दुसऱ्या माणसाला विकायचं, तो तुमच्या बँकेत पैसे टाकतो, एक्स्चेंज तोवर तुमचं नाणं अडकवून ठेवतं. भाव तिथे बराच चढा मिळतो. मी गेल्या वर्षी ४०,००० चं यूएसडीटी असं विकलं. पैसे पाच मिनिटांत आले, मी खूश, मानपाड्याला मित्रांना पार्टी पण दिली.

तीन आठवड्यांनी एटीएममधून पैसे निघेनात. बँकेत गेलो तर खात्यावर लीन, म्हणजे पैसे अडकवून ठेवलेले. दुसऱ्या राज्यात कोणाची तरी ऑनलाइन फसवणूक झाली होती, त्याने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, आणि त्या चोरीच्या पैशांतला एक तुकडा तीन खाती फिरून माझ्यापर्यंत आला होता. माझं यूएसडीटी विकत घेणारा तो माणूस चोर होता की तोही मधला, कोण जाणे. मॅनेजर म्हणे, आमच्या हातात काही नाही, तिकडच्या पोलिसांचं पत्र आणा. ज्या पोलीस ठाण्याचं नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं तिथे फोन, ईमेल, ऑर्डरचे स्क्रीनशॉट, चॅट, केवायसी, सगळं पाठवलं. चार महिने. पगाराचं खातं तेच होतं हो. घरभाडं मित्राकडून उसनं घेऊन दिलं.

चढा भाव का मिळतो ते मला तेव्हा कळलं. ती जोखमीची किंमत होती आणि ती मी विकत घेतली होती.

नेरूळची_ताई · शनिवार, दुपारी १:५०

बाप रे. पगाराचं खातं. आता सुटलं ना पूर्ण?

रात्रपाळी · शनिवार, दुपारी २:०५

हो ताई, सुटलं. आता क्रिप्टोला वेगळं खातं, त्यात फक्त तेवढेच पैसे. आणि पी२पी बंद.

चावी_माझी · शनिवार, सायंकाळी ६:३०

रात्रपाळींच्या अनुभवावरून आठवलं. भाव फार चांगला दिसला की आधी दार उघडं आहे का ते बघावं. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोकियोच्या माउंट गॉक्स या एक्स्चेंजने बिटकॉइन बाहेर काढणं थांबवलं. त्यानंतर तिथला भाव इतर ठिकाणांपेक्षा खूप खाली गेला. लोकांना वाटलं स्वस्तात मिळतंय, आणि काहींनी घेतलं पण! अहो, ते बिटकॉइन नव्हतंच, बंद तिजोरीतल्या बिटकॉइनवरचा हक्क होता. महिनाअखेर कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब. त्यातले दोन लाख नंतर सापडले.

आपल्याकडे १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्स्चेंजच्या एका मल्टिसिग (एकाहून जास्त चाव्यांनी उघडणाऱ्या) वॉलेटमधून २३ कोटी डॉलरहून जास्त गेले. पैसे आणि नाणी काढणं थांबलं, प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयापर्यंत गेलं. एक वर्ष आणि एका दिवसाने, १९ जुलै २०२५ ला, कॉइनडीसीएक्स या दुसऱ्या एक्स्चेंजच्या कामकाजाच्या एका खात्यातून सुमारे ४.४ कोटी डॉलर चोरीला गेले. तिथे ग्राहकांची नाणी वेगळ्या वॉलेटमध्ये आहेत आणि तोटा आम्ही सोसू, असं कंपनीने सांगितलं. म्हणजे माल एका कोठारात ठेवलाय की वेगवेगळ्या, यावर किती फरक पडतो बघा.

ऐरोलीचा_कोडी · शनिवार, रात्री ८:१५

चावी_माझी, यावर मात्र +१.

नोंदणीचं पण बघा. मार्च २०२३ पासून ही एक्स्चेंजेस मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आली आणि एफआययू-इंडिया या संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे नोंदणी करणं भाग पडलं. २८ डिसेंबर २०२३ ला बायनान्स, कुकॉइन, क्रॅकन धरून नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या, जानेवारीत त्यांची ॲप स्टोअरमधून गायब झाली. बायनान्सने पुढे नोंदणी केली, १८.८२ कोटींचा दंडही झाला. तुमची नाणी अशा ठिकाणी असली आणि उद्या दार लागलं तर भाव काय करायचाय? पण नोंदणी म्हणजे पैशांची हमी असं कोणी समजू नका. ती काळ्या पैशावर लक्ष ठेवण्यासाठी आहे. बँक बुडाली तर ठेवीवर पाच लाखांपर्यंत विमा असतो, तसं इथे काही नाही.

नौपाड्याचे_काका · शनिवार, रात्री ८:२०

बघा. विमा. एफडी.

कोलशेतकर · रविवार, सकाळी ११:३०

मंडळी, आज उपवनला फेरी मारून आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. शेठच्या पद्धतीने पट्टी केली. चुकलं असेल तर सांगा.

वाट पहिली, ब वरच विकायचं. ०.०१ गुणिले ७९,१०,००० = ७९,१००. फी नाही.

वाट दुसरी, अ वर हलवून विकायचं. काढायची फी जाऊन उरलं ०.००९६. गुणिले ७९,९८,००० = ७६,७८१. त्यातून अ ची फी आणि जीएसटी ४५३ वजा. उरले ७६,३२८.

म्हणजे ज्या ब ला मी आठवडाभर लुटारू म्हणत होतो, तिथेच विकण्यात २,७७२ रुपये जास्त मिळतात! शिवाय चोवीस तास थांबणं नाही, टॅगचं भय नाही.

कांदाबटाटा_वाशी · रविवार, दुपारी १२:१०

बरोबर आहे. गाडीभाडं माल किती यावर ठरत नाही ना. एक गोणी न्या नाहीतर शंभर, टेम्पो तेवढेच घेणार. ब आणि अ मधला फरक फी धरून एका अख्ख्या बिटकॉइनमागे ४०,८०० च्या आसपास पडतो, आणि तुमचं भाडं ३,२००. गणित केलं तर साधारण सहा लाखांच्या वर माल असेल तरच हलवणं परवडतं. तुमची तर अर्धी पिशवी.

घंटाळीचा_हिशेबनीस · रविवार, दुपारी १२:४५

माझा भाग जोडतो. ७९,१०० वर टीडीएस ७९१, खात्यात येतील ७८,३०९. फायदा २९,१००, त्यावर कर ९,०७९. टीडीएस वजा जाता ८,२८८ अजून भरायचे, ते आत्ताच बाजूला ठेवा. कॉलेजला सगळे देऊन बसाल आणि जुलैत माझ्याकडे तोंड पाडून याल. रिटर्नमध्ये शेड्यूल व्हीडीए, म्हणजे अशा नाण्यांचा तक्ता, भरायचा आहे, आणि टीडीएस खात्याकडच्या नोंदीत (२६एएस) दिसतोय का ते तपासा. उशिरा दिसतो, घाबरू नका.

कोलशेतकर · सोमवार, रात्री १०:१५

विकलं. ब वरच. भाव आकड्यांपेक्षा जरा खाली होता, पण पैसे रात्रीत खात्यात आले. करापुरते वेगळे काढले.

नौपाड्याचे_काका · सोमवार, रात्री १०:१८

उरलेल्याची एफडी करा.

कोलशेतकर · सोमवार, रात्री १०:२५

काका, उरलं काही नाही. फी भरली.

नेरूळची_ताई · सोमवार, रात्री १०:४०

आणि लेकाच्या २,००० चं कुठे ठरलं?

कोलशेतकर · सोमवार, रात्री १०:५२

अ वर. दर खेपेला बारा-एक रुपये जातील, लिमिट लावून घ्यायला शिकवलंय. पहिल्या महिन्याचे मात्र त्याने बुटांवर घातले.